दुरुस्ती आणि सजावट : जुन्या जीपच्या निमित्ताने

जुनी जीप स्वतःच्या हातांनी राखणाऱ्या माणसांचे सध्या बरेच कौतुक होते. हे कौतुक आम्हांला मान्य आहे, परंतु ते ज्या रीतीने केले जाते ती रीत मान्य नाही. या कौतुकात दोन अगदी भिन्न कृतींना एकाच नावाने संबोधले जाते. किंगपिनची बेअरिंगे बदलून, ती मापाने घट्ट करून, पुढच्या चाकांची थरथर थांबवणारा माणूस ‘स्वतः करणारा’ म्हणवला जातो. आणि त्याच जीपला तेहतीस इंची टायर, टपावर दिव्यांची माळ व पुढे लोखंडी अडसर लावून घेणाराही ‘स्वतः करणारा’च. पहिल्याने गाडी समजून घेतली आहे, तर दुसऱ्याने ती समजून घेण्याचे टाळले आहे. या दोहोंत केवळ रुचीचा फरक आहे असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. आमच्या मते दुरुस्ती आणि सजावट या परस्परविरोधी वृत्ती आहेत, आणि त्यांची सरमिसळ केल्याची किंमत आज दुरुस्ती करणाऱ्यांना मोजावी लागते आहे.

प्रथम जीप ही वस्तू काय आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. एका कंपनीच्या जीपचे भाग दुसरीच्या जीपला बसावेत ही अट होती, कारण रणांगणावर मोडलेली गाडी शेजारच्या मोडलेल्या गाडीच्या भागांवर उभी करायची होती. दुरुस्तीची सोय ही या वाहनाच्या रचनेतच होती. अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी १९४४ मध्ये काढलेली ‘टी. एम. ९-८०३’ ही पुस्तिका आजही जुन्या जीपवाल्यांच्या संग्रही असते. चालकाने रोज काय तपासावे आणि तुकडीतल्या कारागिरांनी काय करावे हे तिच्यात वेगवेगळ्या भागांत सांगितले आहे. इंजिन पूर्ण उघडण्यासारखी कामे त्यांच्याही पलीकडच्या पायरीवर ठेवलेली आहेत. दुरुस्तीच्या एकूण पाच पायऱ्या त्या काळी मानल्या जात. ‘सगळे मीच करणार’ ही आजची फुशारकी त्या पुस्तिकेत कोठेही नाही. तिच्यात आहे ती आपापल्या पायरीची जाणीव.

हीच जीप पुढे आपल्याकडे आली. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसच्या जीपांची जोडणी सुरू केली. १९५३ मध्ये अमेरिकेत निघालेली उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेत बंद झाल्यावरही भारतात दीर्घकाळ बनत राहिली. पुढे तिच्याच वंशात ‘एमएम ५४०’ आली. तिच्यात प्यूजो कंपनीच्या रचनेचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन होते. या इंजिनाला संगणक नाही. डिझेल पंपातून नोझलपर्यंत किती आणि केव्हा जाईल हे पूर्णपणे यांत्रिक पंप ठरवतो. लाइनीत हवा धरली, तर हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. मग नोझलच्या नळ्यांची टोके एकेक करून सैल करावीत आणि स्टार्टर फिरवून उरलेली हवा काढावी. सकाळच्या थंडीत गाडी सुरू होत नसेल तर हीटर प्लगला वीज पोचते की नाही हे एका साध्या दिव्याने कळते. खाली शिडीसारखी चासी, दोन अखंड ॲक्सल, चार पाटे. जे बिघडते ते दिसते, हाताला लागते किंवा कानाला ऐकू येते.

मात्र जे दिसते ते आपोआप समजते असे नाही. दुरुस्तीला शिस्त लागते ती येथे. जुन्या जीपची परिचित व्याधी म्हणजे विशिष्ट वेगाला, एखादा खड्डा लागताच, पुढची चाके व स्टिअरिंग यांना सुटणारी भयंकर थरथर. तिची कारणे अनेक असू शकतात. टाय रॉडचे बॉल जॉइंट झिजलेले असतील, चाकांचे संतुलन गेले असेल, पाट्यांचे बुश ढिले असतील, ॲक्सलचा कल चुकला असेल, किंवा किंगपिनच्या वर-खाली असलेली शंकूच्या आकाराची बेअरिंगे सैल झाली असतील. शेवटच्या कारणावर उपाय म्हणजे बेअरिंगच्या टोपणाखाली घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करणे. आणि चाकाचा सांधा वळवायला किती जोर लागतो हे साध्या स्प्रिंगकाट्याने मोजून ताण ठरवणे. हे काम महाग नाही, पण त्याला एक रविवार, थोडे ग्रीस आणि पुष्कळ सहनशीलता लागते. याउलट बाजारात स्टिअरिंग डॅम्पर मिळतो. तो लावला की थरथर दबते. मूळची झीज चालूच राहते, फक्त आता ती ऐकू येत नाही. डॅम्पर हे वाईट साधन आहे असे आमचे म्हणणे नाही. सगळे सांधे ठीक केल्यावर तो लावणारा माणूस वेगळा, आणि सांधे न पाहता तो लावून ‘अपग्रेड केले’ म्हणणारा वेगळा.

मोठ्या टायरांचेही तसेच आहे. एकोणतीस इंच व्यासाच्या जागी तेहतीस इंचांचा टायर घातला म्हणजे काय होते याचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. व्यास चार इंचांनी वाढला, म्हणून ॲक्सल जमिनीपासून फक्त दोन इंच वर गेला. चाकाचा घेर सुमारे १४ टक्क्यांनी वाढला; म्हणजे गिअरांचे सारे गुणोत्तर तेवढ्याने बिघडले, आणि आधीच अशक्त असलेल्या इंजिनाला चढावर एक गिअर खाली उतरावे लागले. वेगदर्शक काटा पन्नास दाखवत असताना गाडी सत्तावन्नने धावू लागली. ब्रेकच्या ड्रमने तेवढाच पीळ दिला तरी जमिनीवर मिळणारी रोधक शक्ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली. टायर बसावेत म्हणून पाटे उंच केले, त्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला आणि क्रॉस लवकर झिजू लागले. दोन इंचांसाठी हे सारे. ज्याला सह्याद्रीच्या घाटवाटेवर खरोखर त्या दोन इंचांची गरज आहे, ज्याने त्यासाठी गिअर आणि ब्रेकही बदलले आहेत, त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. पण शहरातल्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्या अशा गाड्यांना गरजेचा आधार नाही. त्या गाड्या बैलपोळ्याच्या बैलासारख्या सजवलेल्या असतात. फरक इतकाच की पोळ्याचा बैल दुसऱ्या दिवशी झूल उतरवून कामाला जातो.

मग जुन्या गाडीत सुधारणा करूच नये काय? करावी, आणि काही सुधारणा तर न करणे हाच अपराध मानावा. जुन्या जीपांच्या ब्रेकला एकच मार्ग असे. चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच वाटेने तेल जाई. त्यामुळे एका चाकाच्या व्हील सिलिंडरचे रबर फाटले की पेडल तळाला टेकते आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे ही या गाडीच्या एका खऱ्या दुबळेपणावरची सुधारणा आहे. दिव्यांचेही तसेच. साठ वॅटचे दोन दिवे म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर प्रवाह. तो सगळा जर तीस वर्षे जुन्या स्विचमधून आणि कडक झालेल्या वायरींतून जात असेल, तर दिव्यापर्यंत पोचेतो एखाद-दीड व्होल्ट वाटेतच गळतो, आणि उजेड त्याहून कितीतरी अधिक घटतो. दोन रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत चांगली जाड वायर इतक्याने मूळचेच दिवे पुन्हा उजेड देऊ लागतात. टपावर माळ लावणाऱ्या कितीजणांनी आधी हे करून पाहिले? आमची कसोटी साधी आहे. जी सुधारणा गाडीच्या स्वतःच्या दुखण्यातून निघते ती दुरुस्तीचाच विस्तार होय. जी मालकाच्या मनातल्या चित्रातून निघते ती सजावट.

साहित्याच्या अभ्यासकांना ही कसोटी अपरिचित नसावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा (पहिले पर्व १९३३ मध्ये आणि काम पूर्ण १९६६ मध्ये) संपादकांनी शेकडो वर्षांत शिरलेले श्लोक वेगळे काढले. पण ते फेकून दिले नाहीत, टिपांत नोंदवून ठेवले. चाळीस वर्षांची जीप हीसुद्धा अनेक हातांतून गेलेली संहिताच असते. तिच्या डॅशबोर्डामागे कोणी कधी जोडलेली आणि आता कोठेच न जाणारी वायर असते. कोणी ट्रॅक्टरचा बोल्ट वापरलेला असतो. कोणी आटे गेले म्हणून वेल्डिंग केलेले असते. दुरुस्ती करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे मूळचे कोणते आणि मागाहून आलेले कोणते हे ओळखणे. मागाहून आलेले सगळेच वाईट नसते. पण न ओळखता त्यावर आणखी एक थर चढवणे हे संपादन नव्हे.

आता ‘जुगाडा’विषयी. २०१२ मध्ये राजू, प्रभू आणि आहुजा या तीन लेखकांचे ‘जुगाड इनोव्हेशन’ हे इंग्रजी पुस्तक आले आणि गरिबीतल्या तडजोडीला व्यवस्थापनशास्त्रात प्रतिष्ठा मिळाली. तेव्हापासून तारेने बांधलेला सायलेन्सर पाहिला की भारतीय प्रतिभेचा साक्षात्कार होणाऱ्यांची संख्या वाढली आहे. तारेने बांधलेला सायलेन्सर ही प्रतिभा नव्हे. सायलेन्सर घ्यायला पैसे नसल्याची ती खूण आहे, आणि बांधणाऱ्यालाही ते ठाऊक असते. येथे रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४ सालच्या मोटारसायकलवरील प्रसिद्ध पुस्तकातला एक प्रसंग आठवावा. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल झालेले असते, आणि निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची शिम करून घालू असे सुचवतो. मित्र दुखावतो. वरवर पाहता हा जुगाडच. पण निवेदकाने तो पत्रा सुचवला आहे तो ॲल्युमिनियम मऊ असते, नीट बसते आणि ओल्या हवेत गंजून खराब होत नाही हे माहीत असल्यामुळे. फुकट मिळतो हे त्याचे कारण नव्हे. धातूचा गुण जाणून केलेली योजना आणि हाताला लागले ते लावून काढलेली वेळ या दोहोंतले अंतर ज्याला दिसत नाही, त्याने दुरुस्तीविषयी बोलू नये.

आणि ‘स्वतः’ या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण मराठी मध्यमवर्गाला तो फार सहज वापरता येतो. पाश्चात्त्य देशांत ‘स्वतः करणे’ हा छंद झाला तो कारागिराची मजुरी परवडेनाशी झाली म्हणून. आपल्याकडे परंपरेने प्रतिष्ठा होती ती स्वतः न करण्याला. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुतार, लोहार आदी बलुतेदारांची कामे, हक्क आणि मिळकत यांचा तपशील आहे, आणि त्या कारूंविषयी आत्र्यांचा सूर नेहमीच सहानुभूतीचा नाही. नांगर, गाडा, मोट दुरुस्त करणाऱ्या हातांना गावात जागा होती, पण ज्ञानाच्या यादीत नव्हती. जीपच्या बाबतीतही फारसे वेगळे घडले नाही. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वडापाच्या जीपा वर्षानुवर्षे, क्षमतेच्या दुप्पट माणसे घेऊन, धावत्या ठेवल्या त्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी. तुटलेला पाटा लोहाराकडे नेऊन त्याला पुन्हा बाक आणि पाणी देणे, पंपाच्या आवाजावरून नोझल ओळखणे, हे त्यांचे रोजचे काम. त्यांच्यापैकी कोणी आपल्या कामाला छंद म्हटले नाही, आणि आपण त्याला विद्या म्हटले नाही. त्यांची भाषा पाहावी : पाना, पाटा, आटे, वायसर, किलच. निम्मे शब्द लोहार-सुतारांच्या वारशातून आलेले, निम्मे इंग्रजीतून कानाने उचलून मराठी जिभेवर घडवलेले. ही मराठी आमच्या समीक्षेत सोडाच, तंत्रशिक्षणाच्या पुस्तकांतही क्वचित दिसते. म्हणून आमचा आग्रह असा की ज्याने एखाद्या मिस्त्रीकडून काम शिकले त्याने ‘मी स्वतः शिकलो’ असे म्हणू नये. शिकवणाऱ्याचा उल्लेख करावा आणि त्याच्या वेळेचे मोलही द्यावे.

येथवर मुद्दा वृत्तीचा होता. पण या सरमिसळीने प्रत्यक्ष नुकसान कसे झाले ते कायद्याकडे पाहिल्यावर कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात फेरफार करण्यावर बंधन घातले आहे, आणि वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा संरचनात्मक बदल म्हणजे फेरफार असा खुलासाही त्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली. ही कडक भूमिका हवेतून आली नाही. रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे, पादचाऱ्याला चिरडणारे लोखंडी अडसर, कर्णकर्कश सायलेन्सर यांनी तिला निमंत्रण दिले. कायद्याच्या शब्दांत दुरुस्ती आणि फेरफार वेगळे असतील. पण रस्त्यावर गाडी अडवणाऱ्याला दुहेरी मास्टर सिलिंडर आणि अडसर यांतला फरक कोण समजावणार? सजावटवाल्यांच्या हौसेमुळे दुरुस्ती करणाराही संशयित ठरतो.

दुसरे संकट वयाचे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. खासगी वाहनाच्या बाबतीत त्याचा आधार तंदुरुस्तीची चाचणी हा आहे, आणि तो तत्त्वतः योग्य आहे. परंतु सरकारच्या स्वतःच्या गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून सरसकट लागू झाली. गाडी कोणत्या स्थितीत आहे हे न विचारता. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घालण्याचे आदेश २०१५ आणि २०१८ मध्ये झाले तेही वयावरच. याच्या जोडीला २०२१ चे आणखी एक नियम पाहावे : पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मात्र ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे पंधराव्या वर्षी संशय सुरू होतो आणि पन्नासाव्या वर्षी सन्मान. मधली पस्तीस वर्षे गाडी जगणार कशाच्या बळावर? दुरुस्तीच्या. आणि त्या पस्तीस वर्षांच्या श्रमाला कोणत्याही नियमात नाव नाही.

यावर धुराचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खरा आहे. जुने डिझेल इंजिन आजच्या मानकांच्या जवळपासही येत नाही. भारत स्टेज सहा हे मानक एप्रिल २०२० मध्ये देशभर लागू झाले, आणि जीपचे इंजिन या सगळ्या मानकांच्या आधीच्या जगातले. नोझल तपासून, पंप नीट लावून, एअर फिल्टर साफ ठेवून काळा धूर पुष्कळ कमी करता येतो, पण नव्या इंजिनाइतके ते कधीच स्वच्छ होणार नाही. जो रोज पन्नास किलोमीटर शहरात गाडी चालवतो त्याने जुन्या जीपचा हट्ट धरू नये. आमची मागणी सवलतीची नाही. गाडीची परीक्षा तिच्या स्थितीवरून व्हावी, जन्मतारखेवरून नव्हे, एवढेच आम्ही म्हणतो. ब्रेक, स्टिअरिंग, धूर या प्रत्येकाची कठोर चाचणी घ्यावी. त्या चाचणीत निम्म्या सजवलेल्या जीपा नापास झाल्या तर आम्हांला दुःख होणार नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याविषयीचे संकेतस्थळही सुरू झाले. हा हक्क नव्या गाड्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यांचे दोष संगणकात दडलेले असतात आणि ते वाचण्याची साधने उत्पादकांच्या हाती असतात. पण हक्क मागणाऱ्याला आपण काय मागतो हे नेमके सांगता आले पाहिजे. ‘माझी गाडी, माझी मर्जी’ ही हक्काची भाषा नव्हे. ती मालकीची भाषा आहे, आणि तिला कायदा दंडानेच उत्तर देणार. ‘ही गाडी मला कळते, तिच्यात मी काय केले याची नोंद माझ्याजवळ आहे, आणि ती तपासायला मी तयार आहे’ ही हक्काची भाषा.

म्हणून आमच्या मागण्या दोन्ही बाजूंकडे आहेत. शासनाने ब्रेक, दिवे, आसनपट्टे यांसारख्या सुरक्षेच्या सुधारणांची स्पष्ट यादी करावी आणि त्या तपासून नोंदवण्याची सोय परिवहन कार्यालयांत करावी; २०१९ च्या बदलानंतर कलम ५२ मध्येच अशा साधनांविषयी निकष ठरवण्याला वाव आहे. उत्पादकांनी बंद झालेल्या गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका खुल्या कराव्यात, आणि त्या मराठीतही याव्यात, मिस्त्रींच्या शब्दांत. जीपवाल्यांनी प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी : काय काढले, काय घातले, कोणत्या मापाचे, का, आणि कोणाकडून शिकलो. पुढचा टायर किंवा पुढचा दिवा विकत घेण्यापूर्वी ती वही उघडून पाहावी. तिच्यात ब्रेकविषयी एकही नोंद नसेल, तर दिव्याचे पैसे ब्रेकवर खर्च करावेत.